विश्लेषण : तिजोरी भरलेली, मग घर का नाही? आयर्लंडच्या नाताळातील अस्वस्थता

युरोपातील श्रीमंत देशांत गणना होणाऱ्या आयर्लंडमध्ये यंदाच्या नाताळात १६ हजारांहून अधिक माणसे आपत्कालीन निवाऱ्यात आहेत आणि त्यांत पाच हजारांहून अधिक मुले आहेत. सणासाठी घरी आलेले तरुण जानेवारीत पुन्हा ऑस्ट्रेलियाचे विमान पकडतील. सरकारकडे पैसा आहे, देशात रोजगार आहे. तरीही हे का घडते?

डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यापासून डब्लिन विमानतळाच्या आगमन कक्षात दरवर्षी तेच दृश्य दिसते. हाताने रंगवलेले फलक घेऊन उभी असलेली भावंडे, फुगे, नातवंडाला पहिल्यांदाच पाहणारी आजी आणि काचेचे दार सरकताच फुटणारे हुंदके. वृत्तवाहिन्यांचे कॅमेरे हे सारे न चुकता टिपतात. सिडनी, पर्थ, टोरांटो, दुबई, लंडन अशा ठिकाणांहून मुले दोन आठवड्यांसाठी घरी येतात. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात तीच कुटुंबे त्याच विमानतळाच्या निर्गमन कक्षात उभी असतात. तेव्हा कॅमेरे सहसा नसतात.

आयर्लंडचे आजचे राजकारण या दोन दृश्यांच्या मधल्या अंतरात दडलेले आहे. या अंतराचे नाव आहे घर.

नाताळ कसा साजरा होतो?

आयर्लंडमध्ये नाताळची चाहूल दूरचित्रवाणीवरून लागते. ‘आरटीई’ या सार्वजनिक वाहिनीवरील खेळण्यांचा वार्षिक कार्यक्रम, ‘लेट लेट टॉय शो’, पाहायला आजी-आजोबांपासून नातवंडांपर्यंत सगळे घर पायजम्यात सोफ्यावर बसते. आठ डिसेंबर हा ग्रामीण भागातून डब्लिनला खरेदीसाठी येण्याचा जुना दिवस. ऑनलाइन खरेदीच्या काळात त्याचे महत्त्व ओसरले, तरी नाव टिकून आहे. दुपारी चारच्या सुमारास सूर्य मावळतो आणि मग शहर रोषणाईवर जगते. २१ डिसेंबरच्या आसपास न्यूग्रेंज येथील पाच हजार वर्षांहून जुन्या दगडी समाधीच्या गाभाऱ्यात पहाटेचा किरण शिरतो. तो पाहण्यासाठी सोडत काढावी लागते, इतकी मागणी असते.

२५ डिसेंबरला मात्र देश अक्षरशः थांबतो. डब्लिन विमानतळावरून वर्षात याच एका दिवशी प्रवासी विमाने उडत नाहीत. रेल्वे बंद, बस बंद. गुड फ्रायडेला मद्यविक्रीवर असलेली बंदी २०१८ मध्ये उठली, पण नाताळच्या दिवशी पब बंद ठेवण्याचा कायदा अजून कायम आहे. ज्या देशाची ओळख जगभर पबवरून होते, तिथे हा दिवस घरातच काढावा लागतो. काही धाडसी मंडळी सकाळी डब्लिनजवळच्या ‘फोर्टी फूट’ येथे गोठवणाऱ्या समुद्रात उडी घेऊन येतात, एवढाच काय तो अपवाद. मग टर्की, हॅम, बटाट्याचे दोन-तीन प्रकार आणि महिनाभर आधी करून ठेवलेला केक. २६ तारखेला डिंगलसारख्या गावांत गवताचे पोशाख करून ‘रेन डे’ची मिरवणूक निघते, लेपर्ड्सटाउन आणि लिमरिकला घोड्यांच्या शर्यती असतात. सहा जानेवारीला ‘नॉलिग ना मॉन’, म्हणजे बायकांचा नाताळ. सणभर राबलेल्या घरातल्या बायकांनी त्या दिवशी चुलीकडे फिरकायचे नाही, मैत्रिणींबरोबर बाहेर जायचे, अशी ही परंपरा. मधल्या काळात ती मागे पडली होती, अलीकडे शहरांत तिला पुन्हा बहर आला आहे.

२०२२ च्या जनगणनेत स्वतःला कॅथलिक म्हणवणाऱ्यांचे प्रमाण ६९ टक्क्यांवर आले. २०१६ मध्ये ते ७९ टक्के होते. चर्चची पकड सैल होत असली तरी नाताळची नाही, कारण हा सण आता धर्मापेक्षा घराचा अधिक झाला आहे.

याच घराशी जोडलेली एक जुनी प्रथा म्हणजे खिडकीतली मेणबत्ती. नाताळच्या आदल्या संध्याकाळी ती लावायची. बेथलेहेमच्या सराईत जागा न मिळालेल्या मेरी आणि जोसेफला, आणि त्यांच्यासारख्या कोणाही वाटसरूला, इथे दार उघडे आहे असा त्याचा अर्थ. १९९० मध्ये अध्यक्षपदी आलेल्या मेरी रॉबिन्सन यांनी अध्यक्षीय निवासस्थानाच्या खिडकीत दिवा तेवत ठेवला, तो जगभर पांगलेल्या आयरिश माणसांसाठी. देश सोडून गेलेल्यांनो, तुमची आठवण आहे, हे सांगणारा तो दिवा होता. दोन्ही अर्थ आज राज्यकर्त्यांना अडचणीत आणणारे आहेत.

बेघरांचा आकडा डिसेंबरात घटतो, तो कसा?

आयर्लंडचे गृहनिर्माण खाते दर महिन्याला आपत्कालीन निवाऱ्यात असलेल्यांची संख्या जाहीर करते. २०१४ च्या अखेरीस ती चार हजारांच्या आत होती. २०२५ मध्ये ती १६ हजारांच्या पलीकडे गेली आणि एकामागून एक महिन्यात नवा उच्चांक नोंदवत राहिली. साडेचौपन्न लाखांच्या आसपास लोकसंख्या असलेल्या देशात हे प्रमाण लहान नाही. त्यातही हा आकडा पूर्ण नव्हे. रस्त्यावर झोपणारे, मित्राच्या सोफ्यावर दिवस काढणारे, कौटुंबिक हिंसाचारामुळे आश्रयगृहात गेलेल्या स्त्रिया, निवारा न मिळालेले आश्रयार्थी, हे त्यात धरले जात नाहीत.

आपत्कालीन निवारा म्हणजे बहुतेक वेळा हॉटेलची किंवा लॉजची एक खोली, नाही तर खास कुटुंबांसाठी चालवलेले वसतिगृह. दोन पलंग, एक कपाट. स्वयंपाकाची सोय असेलच असे नाही. मुलांनी गृहपाठ करायचा तो पलंगावर. शाळा तासभराच्या बसप्रवासावर. भेटवस्तू लपवून ठेवायला जागा नाही, त्यामुळे सांताक्लॉजचे गुपित राखणेही कठीण. काही महिन्यांची सोय म्हणून सुरू झालेले हे दिवस अनेक कुटुंबांच्या बाबतीत वर्षांवर जातात. बालवाडीत असताना आलेले मूल दुसरीत जाते, तरी पत्ता तोच राहतो.

आता या आकड्याचे एक वैशिष्ट्य. नोव्हेंबर २०२४ मध्ये तो १५ हजारांच्या वर होता. डिसेंबरात १५ हजारांच्या खाली आला. जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा वर गेला. त्या महिन्यात कोणती वसाहत बांधून झाली नव्हती. नाताळसाठी अनेक कुटुंबे आई-वडिलांकडे, बहिणीकडे, कोणाच्या तरी बैठकीच्या खोलीत गाद्या टाकून राहायला जातात. सण आहे, मुलांना हॉटेलच्या खोलीत कसे ठेवायचे, म्हणून नातेवाईक चार दिवस अडचण सोसतात. सण संपला की पाहुणचार संपतो. डिसेंबरातली ही घट आयर्लंडमध्ये आता इतकी सवयीची झाली आहे की स्वयंसेवी संस्था तो आकडा येण्याआधीच त्यावर विश्वास ठेवू नका असे सांगतात.

जे बेघर म्हणून मोजले जात नाहीत त्यांची कहाणी वेगळी नाही. २०२२ च्या जनगणनेनुसार आई-वडिलांच्या घरी राहणाऱ्या प्रौढांची संख्या पाच लाखांहून अधिक होती. एकत्र कुटुंबाची परंपरा असलेल्या समाजाला यात विशेष वाटणार नाही. पण आयर्लंडमध्ये पंचविशीत स्वतःचा संसार थाटणे ही रूढ अपेक्षा आहे आणि तिशी ओलांडलेला नोकरदार लहानपणीच्या खोलीत झोपतो तेव्हा त्याला ते अपयश वाटते. भाड्याने राहायचे तर नव्याने घर शोधणाऱ्याकडे मागितले जाणारे सरासरी मासिक भाडे देशभरात दोन हजार युरोंच्या पुढे गेले आहे. डब्लिनमध्ये त्याहून बरेच अधिक. किमान वेतन २०२५ मध्ये ताशी साडेतेरा युरो. आठवड्याला चाळीस तास काम करणाऱ्याचा बहुतेक पगार भाड्यातच जातो. शिक्षक आणि परिचारिका राजधानीत नोकरी घ्यायला तयार होत नाहीत, याचे कारण यात आहे.

पैसा असूनही घरे का बांधली जात नाहीत?

याचे उत्तर २००८ च्या आधी सुरू होते. ‘सेल्टिक टायगर’ म्हणून गौरवल्या गेलेल्या काळात आयर्लंडमध्ये घरे बांधण्याचा अक्षरशः उन्माद होता. २००६ मध्ये वर्षाला सुमारे ९० हजार घरे उभी राहत होती. बँका कर्ज वाटत होत्या, खेड्यांच्या वेशीवर वसाहती उगवत होत्या. मग फुगा फुटला. बँका बुडाल्या, त्यांचा भार सरकारने आपल्या डोक्यावर घेतला आणि नोव्हेंबर २०१० मध्ये युरोपीय संघ व आंतरराष्ट्रीय नाणेनिधीपुढे ६७.५ अब्ज युरोंच्या मदतीसाठी हात पसरावा लागला. २०१३ मध्ये देशभरात पाच हजार घरेही पूर्ण झाली नाहीत. लहान बांधकाम कंपन्या संपल्या. गवंडी, सुतार, वीजतंत्री देश सोडून गेले. अर्धवट वसाहतींना ‘भुताच्या वसाहती’ म्हणू लागले आणि काही तर पाडून टाकाव्या लागल्या. आज तिथे घरासाठी रांग लागली असती.

एकदा मोडलेला उद्योग पैसा आला म्हणून लगेच उभा राहत नाही. त्यात सरकारने स्वतः घरे बांधण्यातून आधीच अंग काढून घेतले होते. विसाव्या शतकाच्या मोठ्या भागात नगर परिषदा कामगारांसाठी घरे बांधत. नंतर ती भाडेकरूंना विकण्यात आली आणि नवी बांधणे मंदावले. २०१४ पासून गरीब कुटुंबांना खासगी घराचे भाडे भरण्यासाठी सरकारी अनुदान मिळू लागले. म्हणजे सरकारने घर बांधण्याऐवजी घरमालकाला पैसे द्यायला सुरुवात केली. त्याने भाडेकरू तात्पुरता सावरला, घर मात्र एकही वाढले नाही. घरमालकाने घर विकायला काढले की तेच कुटुंब रस्त्यावर. बेघर होण्याची सर्वांत मोठ्या कारणांपैकी एक म्हणजे ही ‘घर रिकामे करा’ची नोटीस. हिवाळ्यात कोणाला बाहेर काढू नये म्हणून ऑक्टोबर २०२२ मध्ये सरकारने तात्पुरती बंदी घातली आणि ३१ मार्च २०२३ ला, मुदत न वाढवता, संपू दिली.

बाकी कारणे नेहमीचीच. परवानगीला होणारा उशीर, शेजाऱ्यांच्या हरकती, अपुरे जलवाहिन्यांचे जाळे. आश्चर्य म्हणजे घरेच नाहीत असेही नाही. २०२२ च्या जनगणनेत १ लाख ६६ हजारांहून अधिक घरे रिकामी आढळली.

आणि मग राजकारण. २९ नोव्हेंबर २०२४ च्या सार्वत्रिक निवडणुकीच्या प्रचारात सत्ताधाऱ्यांनी त्या वर्षी ४० हजारांच्या जवळपास घरे पूर्ण होतील असे वारंवार सांगितले. मतदान झाले, नाताळ झाला आणि जानेवारीत अधिकृत आकडा आला : ३० हजार ३३०. आधीच्या वर्षापेक्षाही कमी. तोपर्यंत फिअना फॉल आणि फिने गेल हे दोन जुने प्रतिस्पर्धी पुन्हा एकत्र सत्तेत बसण्याच्या तयारीत होते. फिअना फॉलचे मिहॉल मार्टिन पंतप्रधान झाले, फिने गेलचे सायमन हॅरिस उपपंतप्रधान. नव्या सरकारने २०३० पर्यंत तीन लाख घरांचे लक्ष्य ठेवले आहे. चुकीचा अंदाज माफ होतो, पण निवडणुकीच्या तोंडावर दिलेल्या दहा हजार न बांधलेल्या घरांचा हिशेब मतदाराच्या मनात राहतो. २०२५ च्या ऑक्टोबरात अध्यक्षपदासाठी झालेल्या निवडणुकीत अपक्ष, डाव्या विचारांच्या कॅथरिन कॉनोली ६३ टक्के पहिल्या पसंतीची मते घेऊन निवडून आल्या, त्यामागे हा असंतोषही होता.

ही श्रीमंती खरी किती?

आयर्लंडच्या दरडोई उत्पन्नाचा आकडा पाहिला की डोळे दिपतात. पण नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, अशी थोडी गत आहे. अमेरिकी तंत्रज्ञान व औषध कंपन्यांनी आपले बौद्धिक हक्क आणि नफा आयर्लंडच्या खात्यात आणून ठेवला, तेव्हा २०१५ मध्ये देशाचे सकल उत्पादन कागदावर एका वर्षात २६ टक्क्यांनी वाढले. जगभर हसे झाले. त्यानंतर आयर्लंडच्या सांख्यिकी खात्याला स्वतःच्या अर्थव्यवस्थेचे मोजमाप करण्यासाठी वेगळे, सुधारित परिमाण तयार करावे लागले. त्या परिमाणाने मोजले तर देश सुखवस्तू आहे, पण अचाट श्रीमंत नाही.

करातून येणारा पैसा मात्र खरा आहे. २०१४ मध्ये कंपनी करातून साडेचार अब्ज युरोंच्या आसपास मिळत होते, २०२४ मध्ये ते सुमारे २८ अब्जांवर गेले. यात ‘अ‍ॅपल’ कंपनीचे प्रकरण धरलेले नाही. आयर्लंडने अ‍ॅपलला बेकायदा करसवलत दिली, असे युरोपीय आयोगाने २०१६ मध्ये ठरवले आणि १३ अब्ज युरो वसूल करायला सांगितले. गंमत अशी की, हा पैसा आम्हाला नको, हे सांगण्यासाठी आयर्लंड सरकारने आठ वर्षे न्यायालयीन लढा दिला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये तो हरला. व्याजासह सुमारे १४ अब्ज युरो तिजोरीत आले. पराभवाने इतका फायदा क्वचितच कोणाचा झाला असेल.

कंपनी करातील फार मोठा वाटा मोजक्या बड्या अमेरिकी कंपन्यांकडून येतो. वॉशिंग्टनमध्ये करविषयक एक निर्णय झाला की डब्लिनच्या अर्थमंत्र्याची झोप उडते. ट्रम्प यांच्या आयातशुल्काच्या घोषणांनी २०२५ मध्ये हेच दाखवून दिले. म्हणून काही रक्कम भविष्यासाठीच्या निधीत बाजूला ठेवली जात आहे. ते शहाणपणाचेच. पण पैसा बाजूला ठेवणे आणि पैसा वापरता न येणे यांत फरक आहे आणि आयर्लंडची अडचण दुसऱ्या प्रकारची आहे. त्यात याच कंपन्यांची डेटा सेंटर्स देशातील विजेचा पाचवा हिस्सा खातात आणि घरगुती वीजदर युरोपातील सर्वांत चढ्या दरांत मोडतात.

नाताळच्या तोंडावर सरकारचा हात किती सैल आहे, हे सामान्य आयरिश माणूस एका गोष्टीवरून ओळखतो : ‘ख्रिसमस बोनस’. निवृत्तिवेतन व अन्य दीर्घकालीन सरकारी मदत घेणाऱ्यांना डिसेंबरच्या सुरुवातीला एका आठवड्याची रक्कम दुप्पट मिळते. मंदीच्या काळात, २००९ मध्ये, तो बंद झाला. २०१४ मध्ये २५ टक्के परत आला, पूर्ण व्हायला २०१८ उजाडले. यंदाही तो मिळाला. मात्र आधीच्या वर्षांत वीजबिलासाठी मिळणारी एकरकमी मदत ऑक्टोबरच्या अर्थसंकल्पात वगळण्यात आली आणि घरोघरी हिशेब बदलला. दिवंगत ब्रदर केविन क्रॉली यांनी १९६९ मध्ये सुरू केलेल्या डब्लिनच्या कॅपुचिन अन्नछत्राबाहेर नाताळच्या आधी लागणारी लांबच लांब रांग दरवर्षी वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर येते. सणाच्या शिध्यासाठी त्या रांगेत नोकरी करणारेही उभे असतात.

तरुण कुठे जातात?

देश सोडणे आयर्लंडला नवे नाही. १८४१ मध्ये या बेटाची लोकसंख्या ८१ लाखांहून अधिक होती. बटाट्यावरील रोगाने १८४५ पासून पडलेल्या दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि त्याहून अधिक जहाजात बसली. आजही बेटाने तो जुना आकडा गाठलेला नाही. ‘द पोग्स’ या बँडचे ‘फेअरीटेल ऑफ न्यूयॉर्क’ हे १९८७ चे गाणे नाताळात घराघरांत वाजते, त्यातही परदेशी गेलेल्या दोन आयरिश जिवांचीच कथा आहे. ते गाणारे शेन मॅकगोवन नोव्हेंबर २०२३ च्या अखेरीस अनंतात विलीन झाले, तेव्हा नेनाह गावच्या चर्चमध्ये लोक अंत्यविधीत नाचले.

फरक इतकाच की, पूर्वी काम नव्हते म्हणून लोक जात. आता काम आहे, खोली नाही म्हणून जातात. एप्रिल २०२४ पर्यंतच्या वर्षात १० हजार ६०० जण आयर्लंडमधून ऑस्ट्रेलियाला गेले. आदल्या वर्षीच्या दुपटीहून अधिक. पुढच्या वर्षी त्यात आणखी भर पडली. यांत डॉक्टर, परिचारिका, शिक्षक आणि, विशेष म्हणजे, घरे बांधू शकणारे कारागीरही आहेत. सिडनीत भाडे स्वस्त आहे असे मुळीच नाही. तिथे पगार अधिक आहे, ऊन आहे आणि आईच्या घरात राहावे लागत नाही. गावातला फुटबॉलचा संघ जानेवारीनंतर पूर्ण होत नाही, ही तक्रार पश्चिम आयर्लंडमध्ये कुठेही ऐकू येते.

मग राग स्थलांतरितांवर का?

देशातून जाणाऱ्यांपेक्षा येणाऱ्यांची संख्या अधिक आहे. एप्रिल २०२५ पर्यंतच्या वर्षात सुमारे ६५ हजार गेले आणि सव्वा लाख आले. येणाऱ्यांत परतणारे आयरिशही आहेत, नोकरीसाठी बोलावलेले कुशल कामगार आहेत, युक्रेनचे युद्धग्रस्त आहेत आणि आश्रयार्थीही. घर शोधणाऱ्याला रांगेत पुढे उभा असलेला माणूस दिसतो. तीस वर्षांत न बांधलेली घरे दिसत नाहीत. अतिउजव्या गटांनी नेमके हेच हेरले.

रॉसकॅहिल हे गॉलवे परगण्यातील छोटे गाव. तिथले बंद पडलेले एक हॉटेल ७० आश्रयार्थींसाठी तयार केले जात होते. स्थानिकांनी प्रवेशद्वारावर धरणे धरले. १६ डिसेंबर २०२३ च्या रात्री ते हॉटेल जळाले. नाताळ नऊ दिवसांवर होता. सराईत जागा उरलेली नाही, अशा अर्थाचे विधान त्या भागातील एका लोकप्रतिनिधीने केले. बेथलेहेमची कथा पाठ असलेल्या देशात या शब्दांचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागला नाही, आणि त्यावरून त्याला टीकाही सोसावी लागली. त्याच्या तीन आठवडे आधी, २३ नोव्हेंबरला, शाळेबाहेर मुलांवर झालेल्या चाकूहल्ल्यानंतर डब्लिनच्या मध्यभागात दंगल होऊन बस-ट्राम जाळल्या गेल्या होत्या. यंदा ऑक्टोबरात सिटीवेस्ट येथील आश्रयार्थी केंद्राबाहेर, एका बालिकेवरील कथित अत्याचारानंतर, पुन्हा तोच प्रकार घडला. नोव्हेंबरच्या अखेरीस न्यायमंत्री जिम ओ’कॅलाहन यांनी आश्रयाचे नियम कडक करण्याची घोषणा केली : काम करणाऱ्या आश्रयार्थींनी निवाऱ्याचा खर्च अंशतः द्यायचा, निर्वासिताला नागरिकत्वासाठी तीनऐवजी पाच वर्षे थांबायचे. यामुळे घरांची संख्या एकानेही वाढणार नाही, हे सरकारलाही ठाऊक आहे.

हे सारे असले तरी आयर्लंडची दुसरी परंपराही जिवंत आहे. डिसेंबर २०१४ मध्ये संसद भवनापासून काही पावलांवर, एका इमारतीच्या दारात, एक बेघर माणूस मृतावस्थेत सापडला. देश हळहळला, मंत्र्यांनी तातडीची बैठक घेतली. दोन वर्षांनी, २०१६ च्या नाताळात, कार्यकर्ते आणि कलावंतांनी ‘अपोलो हाउस’ ही रिकामी सरकारनियंत्रित इमारत ताब्यात घेतली आणि बेघरांना तिथे आणले. लोकांनी गाद्या, जेवण, पैसे यांचा ओघ लावला. न्यायालयाच्या आदेशाने ती जानेवारीत रिकामी करावी लागली. आज त्या जागी नवी कार्यालये आहेत.

भारतीयांवर त्याचा काय परिणाम?

२०२२ च्या जनगणनेत आयर्लंडमध्ये ४५ हजारांहून अधिक भारतीय नागरिक होते. २०२४ मध्ये देशाने दिलेल्या सुमारे ३८ हजार रोजगार परवान्यांपैकी एक तृतीयांशाहून अधिक भारतीयांना मिळाले. त्यांत डब्लिनच्या संगणक कंपन्यांत काम करणारे आहेत, तसेच रुग्णालयांतील परिचारिका आणि वृद्धाश्रमांतील सेविकाही. नाताळच्या दिवशी देश थांबतो तेव्हा रुग्णालये थांबत नाहीत. उलट फ्लूचा जोर याच दिवसांत असतो. तीन जानेवारी २०२३ ला खाटेविना ट्रॉलीवर पडून असलेल्या रुग्णांची संख्या ९३१ वर गेली होती, हा विक्रम परिचारिका संघटनेने नोंदवला. बस-रेल्वे बंद असताना त्या पाळीला पोहोचणाऱ्यांत केरळच्या परिचारिका मोठ्या संख्येने असतात. आयरिश सहकाऱ्याला मुलांबरोबर राहता यावे म्हणून पाळी बदलून घेणाऱ्याही त्याच.

म्हणूनच २०२५ च्या उन्हाळ्यातील घटनांनी मोठा धक्का बसला. जुलैमध्ये डब्लिनच्या टाला उपनगरात एका भारतीयाला टोळक्याने बेदम मारहाण केली. पाठोपाठ इतर ठिकाणीही हल्ले झाले. वॉटरफर्डमध्ये भारतीय वंशाच्या सहा वर्षांच्या मुलीलाही सोडले नाही. एक ऑगस्टला भारतीय दूतावासाने नागरिकांना सावधगिरीची सूचना दिली, ‘इंडिया डे’चा सोहळा पुढे ढकलण्यात आला. तत्कालीन अध्यक्ष मायकेल डी. हिगिन्स यांनी हल्ल्यांचा तीव्र निषेध करून भारतीयांच्या योगदानाचे ऋण मान्य केले. पण रात्रपाळीहून एकटीने घरी परतणाऱ्या परिचारिकेला अध्यक्षांच्या निवेदनाचा आधार किती, हा प्रश्न उरतो.

मराठी वाचकाला आयर्लंड परिचित झाले ते लिओ वराडकर यांच्यामुळे. मालवण तालुक्यातील वराड गावच्या डॉक्टरचा हा मुलगा डब्लिनमध्ये जन्मला, २०१७ मध्ये पंतप्रधान झाला आणि डिसेंबर २०१९ च्या अखेरीस, म्हणजे नाताळच्याच सुट्टीत, कुटुंबासह वराडला आला. परदेशी गेलेल्याने सणासुदीला गावच्या घराचा उंबरठा ओलांडणे म्हणजे काय, हे कोकणाला सांगावे लागत नाही. त्या भेटीचे कौतुक रास्तच होते. तेवढेच खरे हेही, की वराडकर यांच्या दोन्ही कार्यकाळांत आयर्लंडमधील भाडी आणि बेघरांची संख्या वाढत गेली आणि मार्च २०२३ मध्ये हिवाळी बंदी उठवण्याचा निर्णय त्यांच्याच सरकारचा होता. वर्षभरानंतर, मार्च २०२४ मध्ये, त्यांनी पद सोडण्याची घोषणा केली.

पुढे काय?

एक मार्च २०२६ पासून भाड्याचे नवे नियम लागू होतील. नव्या भाडेकरूला किमान सहा वर्षांची हमी मिळेल. त्याच वेळी भाडेकरू स्वतःहून गेला, किंवा सहा वर्षे संपली, की घरमालकाला भाडे बाजारभावाने नव्याने ठरवता येईल. भाडेकरूला स्थैर्य आणि गुंतवणूकदाराला नफा, असा हा तोल सरकारला साधायचा आहे. गुंतवणूकदार आले आणि घरे वाढली तर त्याचा उपयोग होईल. तोपर्यंत भाडे वाढलेले असेल. बांधकामाला वेग आणण्यासाठी अ‍ॅपलकडून आलेला पैसा वीज, पाणी आणि घरांच्या पायाभूत कामांत घालण्याचे ठरले आहे. जलवाहिनी टाकायला लागणारे मजूर मात्र पर्थहून परत यायला हवेत आणि ते आले तर राहतील कुठे, हा पेच आहेच.

डिसेंबरातील बेघरांचा आकडा सरकार जानेवारीच्या अखेरीस जाहीर करील. दरवर्षीच्या क्रमाने तो नोव्हेंबरपेक्षा कमी असण्याची शक्यता आहे. तोपर्यंत झाडे उतरलेली असतील, शाळा सुरू झालेल्या असतील आणि बहिणीच्या बैठकीच्या खोलीतल्या गाद्या गुंडाळून ती कुटुंबे पुन्हा हॉटेलच्या खोलीत परतलेली असतील.